घडीबाईचं ‘हं’

घडीबाईला समुद्राची किळस होती असं म्हणणाऱ्यांनी तिला नीट ओळखलं नव्हतं. समुद्राशी तिचं काही वाकडं नव्हतं. लांबून बघायला तो बरा असतो. तिचं वाकडं होतं नवऱ्याच्या होडीशी. होडी म्हणायचं नाही, यॉट म्हणायचं, असं नवरा प्रत्येक बंदरात चार लोकांदेखत तिला बजावायचा. असेना का यॉट. एक शीड, पोटात निजायला दोन फळ्या, एक शेगडी आणि एक संडास एवढाच तिचा संसार होता.

त्या संडासाचं वर्णन करू नये, पण केल्याशिवाय घडीबाईचं दुःख कळायचं नाही. जागा कपाटाएवढी. दार उघडलं की समोरच फळीवरची उशी. बसून झालं की भांड्याशेजारचा दांडा हापसत राहायचं, आणि हात थांबला की खाली गेलेलं थोडंसं पुन्हा वर यायचं, ख्यालीखुशाली विचारायला आल्यासारखं. त्याच्याही खाली, होडीच्या तळाशी, डिझेल, खारं पाणी आणि कधीकाळी सांडलेलं दूध यांचं मिळून एक काळं पाणी साठलेलं असे. होडी हलली की ते डुचमळे आणि वास उठे. नवरा छाती भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, हा दर्याचा वास.

घडीबाई हे नाव तिला इस्पितळातल्या लोकांनी दिलं. तिथल्या धुलाईघरात तिने उमेदीची सगळी वर्षं काढली. रक्त, पू, ओकारी, माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते सगळं चादरींवरून तिच्यापुढे आलं, आणि तिने ते उकळत्या पाण्यात घालून पांढरंशुभ्र करून परत पाठवलं. लोकांना वाटायचं, हिची किळस केव्हाच मेली असेल. मेली वगैरे काही नव्हती. किळस होती म्हणून तर काम चोख होतं. तिने घातलेली घडी मोडायला नर्सबाईसुद्धा कचरायच्या.

संध्याकाळी घरी आली की ती कोपरापर्यंत हात धुवायची आणि मगच श्वास सोडायची. घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालायला मोकळी जागा. तिथे दुपार टळेपर्यंत ऊन असायचं. फरशी तिने स्वतः निवडलेली आणि गुडघे टेकून स्वतः घासलेली. जगात घाण आहे, असू दे बापडी. उंबरठ्याच्या आत नाही ना, एवढ्यावर तिचं समाधान होतं.

नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. निवृत्त झाल्यावर त्याने ही जुनी होडी घेतली, एक टोपी घेतली आणि आपणच आपल्याला कप्तान म्हणवून घ्यायला लागला. माणूस निर्व्यसनी, गोड बोलणारा, असं शेजारी सांगत. शेजाऱ्यांचं काय जातं, त्यांना तो दिवसभर ऐकावा लागत नसे. नळ, नळातला दाब, साहेबाचा मूर्खपणा, आणि होडी आल्यापासून वारा. बोलणं सुरू झालं की थांबायचं नाव नाही. लग्नानंतर पहिलं वर्षभर तिने मन लावून ऐकलं. दुसऱ्या वर्षी तिला ‘हं’ सापडलं.

‘हं’ हा आपल्याकडे फार सोयीचा शब्द आहे. ऐकलं, कळलं, बरं, चालू द्या आणि आता पुरे, एवढं सगळं त्यात मावतं, शिवाय तोंडही उघडावं लागत नाही. घडीबाई त्यात पटाईत झाली. हाताने घड्या घालायच्या, मनाने भलतीकडे असायचं आणि त्याचा सूर खाली आला की हं म्हणायचं. तो खूश, तीही मोकळी. किनाऱ्याकिनाऱ्याने, बंदरामागून बंदर करत दोघांनीच जायच्या या सफरीलाही ती हं म्हणून बसली होती, हे तिला पिशव्या भरताना कळलं.

पहिल्या बंदरातच तिचा जीव नकोसा झाला. धक्क्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग, त्यात फुगलेले मासे, बाटल्या आणि कुणाची तरी एक चप्पल. अंघोळीची सोय धक्क्यावर होती, म्हणजे बुळबुळीत फरशी, मोरीच्या जाळीत परक्या बायकांचे केस आणि साबणाचा एक झिजका तुकडा, त्यालाही केस चिकटलेला. ती न भिजताच परत आली. इकडे कप्तान माशांच्या आमिषाचे हात पँटला पुसून त्याच हातांनी पाव कापत होते. तिला भूक नाही, असं तिने सांगितलं.

दुसऱ्या बंदरात मुलीचा फोन आला. मुलगी रागावलेली होती. घर विकताय आणि मला साधं विचारलंही नाही, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणाले, गिऱ्हाईक शेवटच्या बंदरात कागद घेऊन येणार आहे, तुम्ही दोघं सह्या करणार आणि होडीवरच राहणार. आईचा होकार आहे, असंही बाबांनी सांगितलं होतं.

घडीबाईने फोन ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, मी होकार कधी दिला? तो शीड गुंडाळत होता. अगं, महिना झाला असेल, तो सहज म्हणाला, मी विचारलं, तू हं म्हणालीस. आणि पुन्हा वाऱ्याकडे वळला.

तिथेच नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं, आणि कारण एकच होतं: तुम्ही बोलता ते मी ऐकत नाही. आजचं नाही, कालचं नाही, जन्मभराचं. हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तिला वाटलं, बिचारा विश्वासाने विचारत राहिला आणि आपण त्याला फसवत राहिलो. रिकामं ताट वाढावं तसं ते हं आपण त्याच्यापुढे ठेवलं. आजवर तिला दुसऱ्यांच्या घाणीची किळस यायची; आता स्वतःची यायला लागली, आणि ती कुठल्या साबणाने जाईना.

तिसऱ्या बंदरापर्यंत ती तशीच बसून राहिली. उशीवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते. धुऊन दोरीवर टाकलेल्या चादरीवर पाखरांनी आपलं काम उरकलं होतं. चिमटीत धरून ती चादर तिने पुन्हा धुतली, पण मन फरशीवर होतं. दुसरी बाई त्या फरशीवरून चपला घालून फिरेल. मागच्या मोकळ्या जागेत कुणी अडगळ रचेल. या वासातून परत जायला आपल्याला जागाच उरणार नाही. आता चुकूनही हं तोंडातून निघू नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटून घेतले. दोन दिवस तिने हूं की चूं केलं नाही. कप्तानाचं बोलणं होतं तसंच चालू राहिलं.

शेवटच्या बंदराची भिंत दिसायला लागली, तेव्हा तिने धीर केला. वारा बेताचा होता. तो सुकाणू धरून बसला होता. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, “अहो, थोडं थांबा. मला बोलायचंय.”

त्याने मान डोलावली.

“घर विकायचं विचारलंत तेव्हा मी ऐकलंच नव्हतं. सवयीने हं म्हटलं. तेव्हाच नाही, मी बरेचदा ऐकत नाही. माझं चुकलं. पण घर विकायचं नाही.”

आता हा दुखावेल, ओरडेल, कदाचित रडेलसुद्धा, याची तिने तयारी ठेवली होती. त्याने सुकाणू जरासं फिरवलं, शिडाकडे पाहिलं आणि म्हणाला, “ठाऊक आहे मला.”

“काय ठाऊक आहे?”

“तू ऐकत नाहीस ते. अगं, मी काय आंधळा आहे? चादरींच्या घड्या घालताना तर तू कशालाही हं म्हणतेस. सरळ विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. म्हणून तू घड्या घालायला बसेपर्यंत थांबलो.” मग थोडं हसून तो म्हणाला, “वारा येईल तशी पाठ द्यावी माणसाने.”

वर अभिमान तर बघा. एखादी अवघड भिंत चुकवून होडी सुखरूप आत आणल्यासारखा तो बसला होता. तळातलं काळं पाणी, जाळीतले केस, फुगलेले मासे, हे सगळं घडीबाईने इतके दिवस गिळलं होतं. हे मात्र गिळवेना. ती कठड्यावरून वाकली आणि खरोखरच ओकली. तो म्हणाला, लाटांची सवय व्हायला वेळ लागतो.

तिने रुमालाने तोंड पुसलं, रुमालाची घडी केली आणि आत जाऊन आपली पिशवी भरली.

धक्क्यावर गिऱ्हाईक नवरा-बायको कागद घेऊन उभे होते. माणसं साधी, नीटनेटकी होती. घडीबाईने दोर फेकला, गृहस्थाने झेलला, आणि होडी लागताच ती उतरली. घर विकायचं नाही, तुम्हाला फुकटचा हेलपाटा पडला, असं तिने हात जोडून सांगितलं. गृहस्थाने तिच्या खांद्यावरून कप्तानाकडे पाहिलं.

“त्यांच्याकडे नका बघू,” ती म्हणाली. “घरावर माझंही नाव आहे, आणि मी सही करणार नाही.”

ते दोघं आपसात कुजबुजत गेले. मग कप्तान खाली उतरला आणि त्याने सुरुवात केली. घडीबाईने पिशवी खाली ठेवली. इतक्या वर्षांत आपल्याकडून काही ऐकायचं राहून गेलं असेल तर, अशी एक रुखरुख तिच्या मनात अजून होती. म्हणून ती त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि कान देऊन ऐकायला लागली. त्याचं स्वप्न, लोकांपुढे झालेली त्याची शोभा, तिचा हेका, साहेबाने पूर्वी केलेला अन्याय, नळातला दाब, पुन्हा त्याचं स्वप्न आणि मग वारा. एकही शब्द तिने सोडला नाही. बोलून बोलून तो दमला आणि ती काय म्हणते याची वाट पाहू लागला.

तिचं काहीही ऐकायचं राहिलेलं नव्हतं. तिने पिशवी उचलली आणि समोरच्या दुकानात जाऊन विचारलं, बस कुठून सुटते.