दमल्यावरचे वीस हात

माझी वहिनी चंद्रावती कशी पोहायची, हे आज केरीच्या धक्क्यावर कुणाला विचारा, सांगायचा नाही. मेले सगळे विसरले! मी सांगतो. तिला शिकवणारा मीच, आणि घोळ घालणाराही मीच.

तेरेखोलच्या नदीत ती तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची. ओहोटी लागली की कमरेला टोपलीची दोरी बांधून अलीकडून पलीकडे पोहत जायची. टोपली उलटली तर सकाळची मेहनत पाण्यात, म्हणून दर चार हातांनी मान वळवून मागे बघायची. बाई चाळिशीची, पण खांदे असे की फेरीबोटीवर दोर ओढणाऱ्या मला लाज वाटावी.

सत्याऐंशी साल ते. गोवा राज्य झालं होतं, कोकणी राजभाषा झाली होती, आणि आमच्या घरात मराठी की कोकणी यावरून मी आणि गोपाळदादा जेवताना भांडायचो. वहिनी म्हणायची, "दोघांकय एकाच डावान वाढलंय, गप जेवा."

त्या हिवाळ्यात पस्तिशीवरच्या बायकांची शर्यत जाहीर झाली. केरी ते तेरेखोल आणि परत. पहिल्या दोघी गोव्याकडून बाहेरच्या राज्यात पोहायला जाणार. ते ऐकताना वहिनीची भाकरी तव्यावर करपली. "भावजी, माका जावचा आसा," ती म्हणाली. लग्न होऊन वीस वर्षं झाली, स्वतःसाठी काही मागताना मी तिला तेव्हाच ऐकलं.

मी फौजेत असताना तलावावर रीतसर पोहणं शिकलेला. मग काय विचारता माझा रुबाब! रोज सकाळी ती ताजी असताना तंत्र: तोंड पाण्यात, मान सरळ, श्वास कुशीला. सुरेख पोहायची, पाणीसुद्धा हलायचं नाही. संध्याकाळी दम वाढवायला ओढीविरुद्ध फेऱ्या. तेव्हा मी काठावर विडी ओढत नुसत्या फेऱ्या मोजायचो. ती पोहते कशी, इकडे बघतोय कोण! तंत्र सकाळचं, दम संध्याकाळचा, दोघांची गाठ मी कधी घालूनच दिली नाही.

शर्यतीत परतताना ती दुसरी होती. मी धक्क्यावरून घसा फोडत होतो. शेवटचे वीस हात उरले आणि खांदे जड झाले. मान वर आली. वळून मागे बघितलं तिने, नसलेल्या टोपलीकडे! चार हात मारले, पुन्हा मागे. पाय बुडाले, आणि म्हापशाची एक बाई हातभर पुढे निघून गेली. वहिनी तिसरी.

घरी जाताना रडलो मी, देवाशप्पथ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नदीवर गेलो, तर ही सात फेऱ्या मारून पायरीवर धापा टाकत बसलेली. म्हणाली, "भावजी, आता शिकवा. दमलंय मी."

फौजेतल्या शहाण्याला जे कळलं नाही, ते तिसऱ्या काढणाऱ्या बाईला कळलं. त्या दिवसापासून आम्ही उलटं केलं. आधी दमायचं, मग वीस हात, वीसच. मान हलली की थांबायचं.

शर्यत पुन्हा भरली नाही. आज भरेल, उद्या भरेल म्हणत वर्ष गेलं. शेवटी वहिनी म्हणाली, "भरांदे नायतर नको भरांदे, मी उतारतंय." डिसेंबरात ती एकटीच पाण्यात उतरली. मी होडीत, हातात घड्याळ. शेवटचे वीस हात पहिल्या वीस हातांसारखेच पडले, आणि वेळ आदल्या वर्षी पहिल्या आलेल्या बाईपेक्षाही कमी! मी वेड्यासारखा ओरडलो, "वैनी, पयली!"

काठावर एकटा दादा उभा होता. वहिनी वर आली, केस पिळले आणि मला म्हणाली, "भावजी, आता ह्या कोणाक दाखवचा?"

मी घड्याळ खिशात टाकलं.

दादा म्हणाला, "मी बघलंय मगे."

तेव्हा ती रडली, हमसून हमसून.