बाहेरची कढई

आमच्या घरात मासा कधी घरात शिजला नाही. तो गोठ्यामागे, तीन विटांच्या चुलीवर शिजायचा आणि शिजवायचा माझा नवरा. त्याची कढईसुद्धा वेगळी. ती बाहेरच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेली असायची, उंबरठ्याच्या आत तिला मज्जाव होता. मी मसाला वाटून दारातून द्यायचा आणि नंतर तिथेच बाहेर बसून जेवायचं, अशी रीत. तीस वर्षं मी मासा खाल्ला, पण एकदाही केला नाही. खाण्यात मात्र कुणाला हार गेले नाही. डोक्याचा तुकडा कायम माझ्या ताटात असे.

नवरा गेला आणि तेरवीच्या दिवशीच माझ्या मासे खाण्याचा निकाल लागला. पंगत उठल्यावर कुणीतरी म्हणालं, "आता हिचं ते बंद." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. मी रडत होते, म्हणून गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा अर्थ सगळ्यांनी होकार असा लावला. आठ महिने तसेच गेले. मग शेगावहून नणंदेचा फोन आला.

"वहिनी, रविवारी येते मी. तुह्यासाठी तुळशीची माळ आनते. घालून टाक, मन शांत राह्यते."

माझं मन बऱ्यापैकी शांत होतं. जीभ नव्हती. माळेला माझा विरोध नाही, मनापासून घालणाऱ्याच्या मी पाया पडेन. नणंदेने स्वतः चौतिसाव्या वर्षी घातली, तिचा नवरा गेला तेव्हा. पण गळ्यात काय घालायचं आणि तोंडात काय घालायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. फोन ठेवला आणि मी ठरवलं, रविवारी मासा करायचा. तोही घरात, गॅसवर. माझे गुडघे त्या विटांपुढे बसू देत नाहीत, हे एक कारण होतं. दुसरं कारण हे की घर माझंही होतं.

रस्सा करायचा नव्हता. रस्सा नवऱ्याचा. तो केला असता तर सगळे म्हणाले असते, बिचारी त्याच्या आठवणीत करते. मला बिचारी व्हायचं नव्हतं. पुण्यातल्या मुलीने एकदा मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता, परदेशातल्या एका दुकानाचा. पिठात बुडवून तळलेला जाडजूड मासा आणि सोबत बटाट्याच्या फोडी. फिश अँड चिप्स. या घरात ते कुणीच केलेलं नव्हतं, म्हणून तेच पक्कं केलं.

रविवारी सकाळी साखरखेर्ड्याच्या बाजारात मासेवालीसमोर जाऊन उभी राहिले. ओळखीच्या दोघी भाजी घ्यायची सोडून माझ्याकडे बघत बसल्या. मी कतला मागितला आणि म्हटलं, काटे काढून दे.

मासेवाली हसायलाच लागली. "काटे काढून काय राह्यते बाई? मंग वांगेच ने ना!" तिने जमेल तेवढे काटे काढले आणि पिशवी देताना हळूच म्हणाली, "मालक येत होते नेहमी."

"आता मी येत जाईन," मी म्हटलं. त्या दोघींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

घरी आले, भिंतीवरची कढई काढली, राखेने घासली आणि गॅसवर ठेवली. काही पडलं नाही, काही फुटलं नाही. देवघर शेजारच्या खोलीत आहे, तिथूनही काही आवाज आला नाही.

फजिती झाली ती पिठाची. व्हिडिओतल्या माणसाने मैदा घेतला होता. माझा हात सवयीने बेसनाच्या डब्यात गेला, पाठोपाठ ओवा, हळद, तिखट. धुतलेले ओले तुकडे तसेच पिठात बुडवून तेलात सोडले. पीठ सुटून वर तरंगायला लागलं आणि मासा उघडानागडा तळाशी. बटाट्याचं तेच. चतुर्थीला कापते तसे पातळ कापले, ते काळे पडले. मी तीस वर्षं स्वयंपाक करणारी बाई, कढईसमोर उभी राहून स्वतःलाच शिव्या घालत होते. मग उरलेले तुकडे जुन्या लुगड्याच्या फडक्याने कोरडे पुसले, ज्वारीच्या पिठात घोळवले आणि मग बेसनात बुडवले. आता पीठ धरलं. बटाटेही बोटाएवढे जाड कापले. दुसरा घाणा असा खुसखुशीत उतरला की मी एकटीच हसले.

तेवढ्यात नणंद आली. चप्पल काढता काढता तिने वास घेतला.

"भजे करून राह्यली काय वं? बरं केलं, भूक लागली मले." तिने ताटाकडे हात नेला.

मी तिचा हात धरला. "ताई, मासा हाय."

तिने हात असा ओढून घेतला की खांद्यावरची पिशवी घसरली. मग तिला गॅसवरची कढई दिसली. भावाची कढई तिने ओळखली. ती एक पाऊल मागे सरली. मला वाटलं, आता ही तशीच परत जाणार.

पण ती खुर्चीवर बसली आणि मऊ आवाजात म्हणाली, "दादाले आवडे म्हनून केलं असंन. असू दे. आठवन येतेच मानसाले."

तिने मला सुटायला वाट करून दिली होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी माफी होती. त्यानंतर मुकाट्याने माळ, आणि वर्षातून एकदा त्याच्या नावाने डोळे पुसणं.

"नाही ताई," मी म्हटलं. "मले आवडते म्हनून केलं."

तिचा चेहरा उतरला. तिने पिशवीतून रुमाल काढला, गाठ सोडली. माळ नवी होती, मणी अजून फिकट होते. ती माळ तशीच हातात धरून बसली. मी ताट ओढलं, तिच्यासमोर बसले आणि पहिला घास घेतला.

"मलेबी आवडे," ती म्हणाली. "तुह्यापेक्षा जास्त. मले कोनी इचारलंच नव्हतं."

मी खात राहिले. तिने माळ परत रुमालात ठेवली, गाठ मारली आणि रुमाल पिशवीत टाकला. मग माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "हळू खाय. काटा लागंन."