आधी कोरं

धुतलेला फ्लास्क खिडकीकडे धरायचा आणि एक डोळा मिटून त्यातून बघायचं, ही तात्यांची सवय. पाणी काचेवरून सपाट ओघळून गेलं तर फ्लास्क जाळीवर पालथा. एखादा थेंब अडकून राहिला, की "अजून हाय कायतरी" म्हणत स्वारी पुन्हा बेसिनकडे.

बारामतीच्या त्या प्रयोगशाळेत मी तीन आठवड्यांची पाहुणी होते. आमच्या विद्यापीठातलं सोडियम मोजायचं यंत्र बंद पडलं, म्हणून सरांनी मला इकडे धाडलं. बरोबर पीएच.डी.साठी गोळा केलेली निमगाव केतकीच्या रानांतली माती. त्यात माझ्या मामाच्या खालच्या तुकड्याचीही होती. ती खारवट निघाली तर मामा तिथली डाळिंबाची बाग काढणार होता. "तुझा आकडा आला की ठरवतो," म्हणाला होता.

तात्या तिथले परिचर. शिक्षण दहावी, गाव इंदापूरकडचं. पण यंत्र रुसलं की प्राध्यापकही आधी तात्यांनाच हाक मारायचे. नमुने लावण्याआधी, ज्यात माती घातलेलीच नाही असं द्रावण मोजून बघतात, त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. तात्या म्हणायचे कोरं. "आदी कोरं, मंग माती." दिवसातून दहादा! मला वैताग यायचा. नेट पास झालेल्या मुलीला हे काय शिकवणार, असा माझा तोरा. होता, कशाला लपवू?

तिथल्या बेसिनला सदा गर्दी. म्हणून मी एक शहाणपणा केला. नमुन्यांच्या बाटल्या जळोचीला, मी राहत होते त्या खोलीवर नेल्या, घासून धुतल्या, उन्हात वाळवल्या. दुसऱ्या दिवशी कोरं न लावताच सगळे नमुने मोजून काढले. आकडे काय देखणे आले म्हणून सांगू! सोडियम जिकडेतिकडे भरपूर. कालव्याखालची माती खारावतेय, हेच तर मला सिद्ध करायचं होतं. मी सरांना फोन करून मोकळी झाले. मामाला लावणार, तेवढ्यात तात्या आले.

"कोरं किती आलं, ताई?"

"लावलं नाही. पण आकडे अगदी एका रेषेत आहेत."

त्यांनी माझी एक रिकामी बाटली उचलून खिडकीकडे धरली. तळाशी पांढरट कडं होतं.

"धुतली कुठं?"

"खोलीवर. जळोचीला."

"बोरच्या खाऱ्या पान्यानं?"

"हो."

"अन् वरनं डिस्टिल वाटर?"

ते मी घातलंच नव्हतं. तात्यांनी बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घातलं, हलवलं आणि यंत्राला लावलं. मातीचा कण नाही त्यात, आणि आकडा माझ्या नमुन्यांच्या निम्म्याहून वर.

परत जायला चार दिवस, सरांना कळवून झालेलं. तोंडातून निघून गेलं, "तात्या, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे ना?" ते वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

तात्या रागावले नाहीत. बाटली हळूच खाली ठेवली. "मी कुनाला सांगनार न्हाय. पर ताई, माती निमगावची हाय, अन् आकडा जळोचीचा."

सरांना पुन्हा फोन केला. भरपूर बोलणी खाल्ली. रविवारी सुट्टी असून तात्या आले, डब्यात दोघांपुरती भाकरी घेऊन. सगळ्या बाटल्या आम्ही परत धुतल्या. मी एकेक खिडकीकडे धरायची, ते मान हलवायचे, मी पुन्हा धुवायची. मग आधी कोरं, मग माती. आकडे धडाधड उतरले. माझा सिद्धान्त अर्धा लंगडा झाला आणि मामाची बाग वाचली. त्या दिवशी मला तात्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही, याची चुटपुट आहे.

पदवी मिळाल्यावर प्रबंध आणि मामाच्या बागेतली डाळिंबं घेऊन बारामतीला गेले, तर तात्यांचं स्टूल रिकामं. निवृत्त होऊन महिना झाला होता. तिथूनच फोन लावला.

"झाले बरं का डॉक्टर, तात्या."

"लई झ्याक. आकड्यांच्या पानावर पयल्या वळीत काय हाय?"

"कोरं."

"मंग बास."

फोन ठेवला. जाळीवर फ्लास्क पालथे घातलेले होते. एक उचलून खिडकीकडे धरला. मधोमध थेंब अडकलेला होता. मी डाळिंबांची पिशवी खाली ठेवली आणि बाह्या वर सारल्या.