डब्यातले दोरे

माणूस वाईट व्हायला फार वेळ लागतो अशी माझी समजूत होती. मला अर्धा तास लागला, आणि त्यातली दहा मिनिटं प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून गेली. "परिस्थितीनं भाग पाडलं" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. परिस्थितीला हात नसतात. फॉर्म मी भरला होता.

धामणगाव बढ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी चौदा वर्षांपासून नोकरीला आहे. आसपासच्या गावांचा कापूस आमच्याकडे येतो, यंत्रावर त्यातली सरकी निघते आणि उरलेली रुई दाबून गाठी बांधतात. रुई बोटांत ओढून तिची प्रत सांगणं हे माझं काम. शिवाय अख्ख्या कारखान्यात इंग्रजी पत्र लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणं-लिहिणंही माझ्याच गळ्यात. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेशातली एक सूतगिरणी. आमच्या रुईचं तिथं सूत होई, पुढं त्याचे शर्ट शिवले जात आणि ते शर्ट युरोपात विकले जात. मोताळा तालुक्यातला कापूस गोऱ्या माणसाच्या अंगावर जातो, हे मी गावात इतक्यांदा सांगितलं असेल की लोक मला लांबून पाहूनच रस्ता बदलत.

यंत्रावर जाण्याआधी आमचा कापूस एका लांब ओट्यावर पसरतात. ओट्याच्या दोन्ही बाजूंना तीसेक बाया बसतात आणि हातानं कचरा वेचतात. पाला, पीस, केस, गुटख्याच्या पुडीचा तुकडा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रंगीत दोरा. पोत्याचा, लुगड्याचा, कशाचाही. एक लाल दोरा रुईत गेला की तो सुतात शिरतो, सुतातून कापडात, आणि पांढऱ्या शर्टावर ओरखड्यासारखा उमटतो. त्यामुळं ओट्यावर बसताना बायांनी डोकं पांढऱ्या फडक्यानं घट्ट बांधायचं, असा नियम होता. तो नियम पाळून घेणारी, बाया कुठं बसतील ते ठरवणारी, त्यांची प्रमुख म्हणजे मावशी.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्याच गल्लीतली, माझ्या आईच्या वयाची. मी नवा नोकरीला लागलो तेव्हा मला रुईतलं ओ की ठो कळत नव्हतं. पदवीची गुणपत्रिका खिशात घालून मी रुईच्या गंजीसमोर उभा राहायचो. तेव्हा तिनं मला बाजूला नेऊन रुई हातात दिली होती.

"बाबू, निरे डोये फाडून काय पाह्यतं? बोटानं पाह्य. रुई बोटाले सांगते."

मला जे काही येतं ते तिनं शिकवलेलं आहे. हे मी मालकाला कधीही सांगितलं नाही.

तिची एक पद्धत होती. बाकीचा कचरा टोपल्यात जाई, पण रंगीत दोरे ती टाकू देत नसे. प्रत्येक बाईनं वेचलेला दोरा तिच्याकडं आणून द्यायचा आणि तिनं तो पत्र्याच्या एका डब्यात ठेवायचा. हंगामाच्या शेवटच्या दिवशी यंत्राची पूजा होई, तेव्हा नारळाशेजारी हा डबा झाकण काढून ठेवत. त्यात लाल, हिरवे, निळे, पिवळे दोरे गच्च भरलेले असायचे. बाया त्यालाही हळदकुंकू वाहायच्या. मावशी मालकाला डबा दाखवून म्हणायची, "हे एवढं फॉरेनले जाऊ देल्लं नाई आपन." मग मालक तिला लुगडं द्यायचा. तीस बायांच्या डोळ्यांनी हंगामभर काय केलं याचा पुरावा म्हणजे तो डबा, आणि मावशीला त्याचा केवढा अभिमान होता ते तिच्या चालण्यातसुद्धा दिसायचं.

त्या वर्षी कुठल्याशा लांबच्या युद्धानं जगभर गॅस महागला. आमच्याकडं वीजबिल वाढून आलं. मालकानं तीन दिवस आरडाओरडा केला आणि चौथ्या दिवशी ओट्यावरच्या अर्ध्या ट्यूबा काढून घेतल्या. वर पत्रा, बाजूला भिंती. दुपारी चारनंतर ओट्यावर संध्याकाळ झाल्यासारखं वाटे.

"शेठ, उजेड कमी पडून राह्यला," मावशी म्हणाली.

"बाहेर एवढं ऊन पडलंय, ते काय कमी आहे?" मालक म्हणाला. मी हसलो. मालकाच्या विनोदाला हसायचं असतं, पण त्या दिवशी मी मनापासून हसलो, कारण आदल्याच आठवड्यात मावशीनं माझी फजिती केली होती. एका गंजीची मी जी प्रत सांगितली ती चूक आहे असं ती मालकासमोर, सगळ्या बायांदेखत म्हणाली होती. मालकानं रुई तपासून पाहिली, मावशीच बरोबर निघाली. "ही तुझी मास्तरीण शोभली असती," असं म्हणून तो माझ्या पाठीवर थाप मारून गेला होता. ती थाप मला आठवडाभर जाणवत होती.

मग फेब्रुवारीत त्या सूतगिरणीच्या खरेदी साहेबाचा फोन आला. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं फोनवर बोलून दोस्ती झाली होती. तो मोडक्या हिंदीत बोलायचा, मी त्याहून मोडक्या हिंदीत. त्यांच्यासाठीच्या गाठी तेव्हा आपल्याकडच्या बंदरावर पडून होत्या, जहाजावर चढायच्या बाकी होत्या. नमुना तेवढा कुरियरनं त्याच्याकडं पोचला होता.

"भाई, आपकी रुई में कोई खराबी नहीं है," तो म्हणाला. "गैस का रेट देखो. मशीन चलाऊँ तो घाटा, बंद रखूँ तो घाटा."

त्यांची गिरणी स्वतःची वीज गॅसवर बनवायची. गॅसचा भाव असा चढला की सुतापेक्षा वीज महाग पडायला लागली. तिकडं युरोपातही घरं गरम ठेवता ठेवता लोकांच्या नाकी नऊ आले होते, नवे शर्ट कोण घेतो? निम्मी यंत्रं बंद होती. त्याला आमच्या गाठी नको होत्या. पण करार झालेला होता, आणि माल खराब निघाला तरच तो मोडता येत होता. तेव्हा माल खराब आहे असं आम्हीच लिहून द्यावं, एवढीच त्याची विनंती. बोलताना तो चक्क रडकुंडीला आला होता.

मी मालकाला सांगितलं. मालकानं दोन मिनिटं विचार केला. एवढं मोठं गिऱ्हाईक दुखवून चालणार नव्हतं, आणि दक्षिणेकडची एक गिरणी त्याच गाठी घ्यायला तयार होती. "देऊन टाक लिहून, दोरे निघाले म्हणून," तो म्हणाला. "आपलं काय जातं?"

त्यांच्या फॉर्मवर चार रकाने होते. काय सापडलं. त्याचा फोटो. जबाबदार कोण. काय कारवाई केली.

पहिला रकाना सोपा होता. दुसऱ्यासाठी मला दोरे हवे होते, आणि आमच्या रुईत दोरे नव्हते. दोरे होते ते मावशीच्या डब्यात.

मी ओट्यावर गेलो आणि डबा मागितला. कशाला, असं तिनं विचारलं. परदेशातल्या साहेबाला दाखवायचाय, फोटो पाठवायचाय, असं मी सांगितलं. यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि हे मला त्याच वेळी कळलं होतं. तिचं तोंड असं उजळलं की सांगता येत नाही. पदरानं तिनं डबा पुसला, वरचे दोरे बोटानं मोकळे केले.

"लाल वरतं ठेव, बाबू. लाल चांगला दिसते फोटोत."

मी लाल वर ठेवले. रुईचा एक पुंजका टेबलावर पसरला, त्यात सात-आठ दोरे खुपसले आणि मोबाइलवर फोटो काढला. चांगला आला.

तिसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिता आलं असतं. प्रत मीच ठरवत होतो, जबाबदारी कागदोपत्री माझीच होती. हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी मावशीचं नाव लिहिलं. चौथ्या रकान्यात 'ताकीद दिली' एवढं पुरलं असतं. त्या बिचाऱ्या साहेबाला कागद हवा होता, कुणाचा बळी नको होता. पण मी लिहायला बसलो आणि मला एक इंग्रजी वाक्य सुचलं. सदर महिलेच्या दृष्टीची अकार्यक्षमता लक्षात घेता तिला तात्काळ प्रभावानं कामावरून कमी करण्यात आलं आहे, अशा अर्थाचं. लांबलचक, वजनदार, शोभून दिसणारं. खरं सांगतो, ते वाक्य मला आवडलं म्हणून मी ठेवलं. पाठीवरची थापही त्यात होतीच.

मालकानं सही करण्याआधी ते माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं.

"कामावरून काढलं असं लिहिलंयस?"

"उगाच आपलं लिहायला. जोर येतो."

"अन् उद्या त्यांचा माणूस पाहणीला आला तर ही बाई ओट्यावर बसलेली दिसणार?" मालकानं सही ठोकली. "लिहिलंय तर काढ. तूच सांग तिला."

मी म्हणू शकलो असतो की पान बदलतो. प्रिंटर दुरुस्त झाला होता, कागदही होता. मी "बरं" म्हणालो.

तिला मी ओट्यावरच सांगितलं, बायांसमोर. बाजूला घ्यायला हवं होतं, पण एकटीसमोर माझ्यानं बोलवलं नसतं. तुझ्या नजरेतून दोरा सुटला, म्हणालो, तिकडच्या साहेबानं माल नाकारला, उद्यापासून येऊ नको. यंत्रं चालू होती म्हणून मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

ती भांडेल अशी माझी तयारी होती. अर्ध्या ट्यूबा कुणी काढल्या, एवढं जरी तिनं विचारलं असतं तरी माझी बोलती बंद झाली असती. तिनं ते विचारलं नाही.

"डबा दाखवला न त्याईले?"

"दाखवला."

"तरी?" मग तिनं विचारलं, "दोरा कोन्या रंगाचा व्हता, बाबू?"

"लाल."

"लाल तं मले दिसालेच पाह्यजे व्हता," ती म्हणाली. मग डोक्याचं पांढरं फडकं सोडून तिनं घडी घातली आणि शेजारच्या बाईकडं दिलं. बाया माना खाली घालून वेचत राहिल्या. मी तिथंच उभा होतो, म्हणून असेल.

पुढं ऐकलं की ती बुलढाण्याला जाऊन डोळे तपासून आली. डॉक्टरनं नजर चांगली आहे म्हणून सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. "त्यानं कधी रुई वेचली काय?" असं ती गल्लीत सगळ्यांना विचारत होती, आणि मी समोरून जात असलो तर मलाही. मी मान हलवायचो. दुसऱ्या जिनिंगवाल्यानं तिला बोलावलं तर ती गेली नाही. आपल्या हातून परत दोरा जाईल, लोकाचं नुकसान होईल, असं म्हणाली. तिच्या हाताखालच्या बायांची मजुरी चालू राहिली आणि तिची बंद झाली, याचं तिला काही वाटलं नसावं. वाटलं ते नजरेचं. नुसतं काम गेलं असतं तर तिनं दुसरं शोधलं असतं. मी तिचे डोळे काढून घेतले होते, आणि ते उघडे होते.

ज्या गिऱ्हाइकासाठी हे सगळं केलं ती गिरणी पुढच्या हंगामात उघडलीच नाही. खरेदी साहेबाचा फोन आला तो नोकरी विचारायला. तुमच्याकडं काही जमेल का, म्हणाला. इकडं महाराष्ट्रात, कुठंही. मला इतकं हसू आलं की मी फोन बाजूला धरला. तो भरलेला फॉर्म आता कुठल्यातरी कुलूपबंद ऑफिसात पडला असेल. कुणीही तो वाचला नसावा. माझं ते वाक्यसुद्धा.

हे मी मावशीला सांगायचं ठरवलं. चांगुलपणा सुचला असं नव्हे. झोप उडाली होती आणि मला झोप हवी होती. एका रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात उन्हाला बसून सुपात ज्वारी निवडत होती. पाच माणसांच्या भाकरीची ज्वारी. सूप डोळ्यांच्या अगदी जवळ धरून ती एकेक दाणा सरकवत होती. शेजारी निवडून झालेली रास होती, आणि तीच रास ती परत सुपात ओढून घेत होती. सून आतून म्हणाली, "पाहा न भाऊजी, चौथ्यांदा चाललं हे. आयकतच नाईत."

मी समोर बसलो. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं सूप माझ्यापुढं सरकवलं.

"बरं झालं आला. पाह्य बरं, खडा तं नाई न राह्यला? मले आता भरवसा नाई."

मी पाहिलं. बोटंही फिरवली, तिनंच शिकवल्यासारखी. एक खडा नव्हता, एक काडी नव्हती. इतकी स्वच्छ ज्वारी मी जन्मात पाहिली नाही. नाही म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मंग तो दोरा कसा सुटला? आणि मग मला उत्तर द्यावं लागलं असतं.

ती माझ्या तोंडाकडं पाहत होती. मी सुपातला एक चांगला, टपोरा दाणा चिमटीत उचलला आणि अंगणात भिरकावला.

"होता एक," मी म्हणालो.

"पाह्य," मावशी आत सुनेला ओरडून म्हणाली, "मी सांगून राह्यलो व्हतो न तुले."