आत्याचे वेढे

आत्याला नोकरीवरून काढलं, म्हणून ती मागच्या खोलीत तारा गुंडाळत बसते, अशी आमच्या जिन्यात चर्चा आहे. साफ खोटं. नोकरी तिनेच सोडली. तिला स्वतः बनवलेले पॉवर सप्लाय विकायचे आहेत, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरचा दवाखाना. तिथलं तपासणीचं यंत्र संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मान टाकतं. आत्याचा पहिला नमुनाही सकाळी ऐटीत चालला आणि संध्याकाळी आडवा झाला, कारण ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंच्या तारेच्या वेढ्यांचं प्रमाण तिने पूर्ण व्होल्टेज धरून काढलं होतं.

"मग दुसऱ्या बाजूला दे की वेढे भरमसाट," बाबा जांभई देत म्हणाले.

"म्हणजे दुपारी पूर्ण वीज आली की पुढचे भाग भाजून निघतील." हे नाकातून म्हणायचं, आत्या तसंच बोलते. "पडत्या विजेला पुरतील इतकेच वाढवते, दादा."

दुसरा नमुना दवाखान्यात लावला, तेव्हा मी पैज मारली की हाही बंद पडणार. चालला तर आठवडाभर भांडी माझी. संध्याकाळी दिवे मंदावले, पंखा रेंगाळला, यंत्र मात्र गुणगुणत राहिलं. डॉक्टरीणबाईंनी आणखी चार सप्लाय मागितले.

"घासणी सिंकखाली आहे," आत्या म्हणाली.