डोंबिवलीत रद्दीत गेलेले अकरा खंड

या सदरात पांढऱ्या साडीतल्या बायका आणि आपोआप हलणारे झोपाळे यांचे अनुभव छापून येतात. मी ते वाचतो आणि लिहिणाऱ्यांची कीव करतो. वेळ नेमकी किती, सोबत कोण होतं, नंतर तपासलं काय — कशाचा पत्ता नसतो. माझा अनुभव भर दुपारचा आहे आणि त्यातला प्रत्येक आकडा मी स्वतः लिहिलेला आहे. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणूनच त्रास जास्त होतो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. मी माजिवड्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होतो. नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयाची जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली. तोवर पुस्तकं ठेवायची कुठे? कार्यकारिणीत ग्रंथप्रेमावर भाषणं ठोकणारे भरपूर. जागा शोधायला एकही तयार नाही. शेवटी ठाणे, कळवा आणि डोंबिवलीतल्या बारा सभासदांच्या घरी गठ्ठे ठेवायचं ठरलं. बांधाबांध माझ्या गळ्यात, कारण मला म्हणे मोजामोजीची हौस.

मी शहाणपणा केला तो असा — कुणाची कंबर धरू नये म्हणून प्रत्येक गठ्ठा बारा किलोचा केला. विषय नाही, लेखक नाही, फक्त वजन. नटबोल्ट असेच बांधतात. एकूण गठ्ठे शहाण्णव. प्रत्येकाची यादी कार्बन लावून तीन प्रतींत, सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील, त्यावर माझ्या सहीची पट्टी. काही गठ्ठ्यांचं वजन थोडं कमी पडायचं. तिथे वाचनालयाने छापलेल्या गौरवग्रंथाची एक प्रत सारायची. आमच्या कार्यवाहांच्या एकसष्टीनिमित्तचा हा ग्रंथ. त्याच्या न खपलेल्या प्रती ढिगाने पडलेल्या होत्या.

ग्रंथपाल शालिनीताई माझा हात धरायच्याच बाकी होत्या.

"अहो, मासिकाचा संच मोडताय तुम्ही. बावीस वर्षांचे बावीस खंड आहेत. एका जागी राहू द्या."

"ताई, परत आले की लावा एका जागी. त्यांना काय पाय फुटणार आहेत?"

हे मासिक एके काळी ठाण्यातच निघायचं; स्वातंत्र्याआधीच बंद पडलं. शालिनीताईंनी अठरा वर्षं घरोघर फिरून त्याचा एकेक अंक जमवला होता. कुणी म्हातारं माणूस गेलं की या तेराव्यानंतर त्या घरी जाऊन माळ्यावरचे अंक मागायच्या. कल्याणच्या एका घरी एका अंकासाठी सात खेपा घातल्या. असा पूर्ण संच दुसरीकडे कुठेही नाही, असं त्या म्हणायच्या. ते मला तपासता आलेलं नाही.

तीन वर्षांनी इमारत उभी राहिली आणि मी टेम्पो घेऊन गठ्ठे गोळा करायला निघालो. वारसा कसा जपतात ते तेव्हा पाहिलं. कुणी गठ्ठ्यांवर टीव्ही ठेवलेला. कळव्याच्या एका गृहस्थांनी वर फळी टाकून दिवाण केलेला — "एकदम मजबूत आहे हो!" पण सील सगळीकडे शाबूत. डोंबिवलीच्या साठ्यांकडे मात्र आठपैकी एकही गठ्ठा नव्हता.

"रद्दीत दिले," साठे शांतपणे म्हणाले. "मुलीचं लग्न होतं. पाहुण्यांना काय पुस्तकांवर झोपवू?"

"अहो, वाचनालयाची पुस्तकं होती ती!"

"जुनीच होती हो सगळी. नवी असती तर दिली असती का?"

वर चहा विचारला. मी घेतला नाही.

घरी येऊन यादी काढली. मासिकाचे अकरा खंड त्याच आठ गठ्ठ्यांत होते... माझ्याच अक्षरात.

कार्यवाहांना तर हेच हवं होतं. नव्या इमारतीतली एक खोली त्या संचासाठी राखलेली होती आणि यांना तिथे स्वतःचं टेबल टाकायचं होतं. अपुरे संच ठेवायचे नाहीत, असा ठराव त्यांनी आधीच करून घेतलेला.

"अपुरा संच म्हणजे दात पडलेली कवळी, शालिनीबाई. सोडा आता नाद."

 दोन महिन्यांनी ताई निवृत्त होणार होत्या.

उरलेल्या अठ्ठ्याऐंशी गठ्ठ्यांचं मी सवयीने पुन्हा वजन केलं. सत्त्याहत्तर बारा किलोचे. अकरा गठ्ठे तेराच्या वर. ओल धरली असेल असं लिहून मोकळा झालो.

रविवारी दुपारी तीन वाजता त्या खोलीत गठ्ठे फोडायला घेतले. मी, शालिनीताई आणि कार्यवाह. प्रत्येक सील दोघांना दाखवून मगच तोडत होतो. पहिल्या जड गठ्ठ्यात वरच मासिकाचा चौथा खंड होता. यादीप्रमाणे तो डोंबिवलीत, म्हणजे रद्दीत. म्हटलं, एखादी चूक होते. दुसऱ्या जड गठ्ठ्यात नववा खंड. मग मात्र उरलेले नऊ जड गठ्ठे मी आधी घेतले. अकरा जड गठ्ठ्यांतून साठ्यांकडचे अकराच्या अकरा खंड निघाले. आमच्या वाचनालयात पहिल्या पानाखेरीज आत एकतिसाव्या पानावरही शिक्का मारतात, चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखू यावं म्हणून. ताईंनी प्रत्येक खंडाचं ते पान उघडलं. शिक्का आमचा, दाखल क्रमांक ताईंच्या अक्षरातला.

गठ्ठ्यांतली पुस्तकांची संख्या मात्र यादीइतकीच! म्हणजे प्रत्येकातून एकेक पुस्तक गेलं होतं. कोणतं, ते मी अकरा वेळा ताडून पाहिलं. अकराही वेळा गौरवग्रंथ.

शालिनीताई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

कार्यवाह लालबुंद झाले. "यादीप्रमाणे हे खंड रद्दीत गेलेत. म्हणजे हे आपले नव्हेत. दप्तरी घेता येणार नाहीत."

"अहो, शिक्का बघा ना!"

"शिक्क्याचं सोडा. यादी काय म्हणते?"

माणसाची बुद्धी कुठवर जाते ते त्या दिवशी कळलं. चार दिवसांत बातमी पसरली. एक सभासद नारळ घेऊन कपाटाची पूजा करायला आले. त्यांना मी जिन्यावरूनच परत पाठवलं. ते जास्त मूर्ख की कार्यवाह, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मार्ग एकच उरला होता. तो ताईंनी सांगितला.

"यादी करताना तुमची चूक झाली, असं लिहून द्या."

"पण मी चुकलो नाही, ताई."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तरी द्या."

नोकरीत माझा एकही साठा कधी चुकलेला नव्हता. दोन दिवस मी तो कागद समोर घेऊन बसलो. मग लिहिलं — 'यादी करताना अकरा ठिकाणी माझ्याकडून चूक झाली.' खाली सही केली. कार्यवाहांनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि फाईलला लावलं. त्याच आठवड्यात बावीस खंड त्या खोलीत लागले.

कुणी गठ्ठे उघडले म्हणावं, तर सील शाबूत. माझीच यादी चुकली म्हणावं, तर ते अकरा गठ्ठे बांधतानाच तेरा किलोच्या वर भरले असते. आणि तेव्हाचा काटा बारा दाखवत होता. डोंबिवलीच्या रद्दीवाल्याकडेही जाऊन आलो. त्याला काही आठवत नव्हतं. खुलासा माझ्याकडे नाही, आणि ज्यांनी ज्यांनी मला तो ऐकवला त्यांच्याकडेही नव्हता.

त्या फाईलमध्ये माझी चूक आजही आहे. ती झालेली नव्हती.