नानांची खाट आणि माझी पपई

मला कॅप्टन नानांनी फसवलं. शहाद्याला माझ्याच गाळ्यात बसून, माझाच चहा पिऊन फसवलं. आणि वर मला वाटत होतं की मीच त्यांना गुंडाळलं.

मी तळोद्याच्या स्टँडवर जीप चालवून वर आलेला माणूस. पुढे पपईच्या धंद्यात शिरलो. झाडावर पिकलेली पपई ट्रकमध्ये दिल्लीपर्यंत टिकत नाही, म्हणून भागीदार जमवून एक छोटं मालवाहू विमान भाड्याने घेतलं. विमान मिळालं, पण ते चालवणारे मिळेनात. आमची धावपट्टी कुठे आहे हे ऐकूनच मुंबईचे वैमानिक फोन ठेवायचे. नाना मात्र मूळचे म्हसावदचे. मोठ्या कंपन्यांत केस पांढरे करून गावाकडे परत यायला बघत होते.

बोलणी सुरू झाली. त्यांनी बंगला मागितला, मी खोलीवर आणलं. गाडी मागितली, मी पिकअपच्या पुढच्या सीटवर आणलं. नाना प्रत्येक वेळी मान डोलवत राहिले. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "शेठ, तुमनं सम्दं मान्य. मन्ही एकच गोट. मी थकेल आसनू, ते 'नही' म्हनाना हक्क मन्हा. त्यामा घासाघीस नही."

थकलो तर उडणार नाही म्हणे! मी मनातल्या मनात हसलो. आमच्या स्टँडवर ड्रायव्हर बॉनेटवर झोपलेला असायचा. नंबर लागला की त्याला हलवायचं, तोंडावर पाणी मारून तो धडगावचा घाट चढायचा. वैमानिक तरी वेगळं काय करणार? मी टाळी दिली.

आठवडा झाला नाही तोच नानांनी धावपट्टीच्या शेडशेजारी, कडुलिंबाखाली खाट टाकली. पहिली फेरी करून आले की गणवेश खिळ्याला, टोपी तोंडावर आणि घोरणं सुरू. विमानात पपई भरलेली, सहवैमानिक मीना पावरा तयार, आणि धंद्याचा मालक खाटेच्या पायाशी हात जोडून उभा.

"नाना, तासभर कमी झोपा."

घोरणं चालूच.

"बरं, अर्धा तास तरी सोडा. तुमचंही राहू दे, माझंही राहू दे."

टोपी जराशी वर झाली. "शेठ, हाई मन्ही झोप शे, पपई नही. हिन्हा भाव व्हस नही." टोपी पुन्हा खाली.

एकदा मी चिडून खाटच उचलून शेडच्या छपरावर टाकली. नाना आले, खाटेच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि विमानाच्या चाकाला टेकून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "आराम व्हयना नही. आते नही." संध्याकाळपर्यंत उन्हात पपईचा लगदा झाला. मी ती सगळी हमालांना वाटली. नानांनीही एक फोड घेतली, चाटून पुसून खाल्ली आणि वर म्हणाले, "गोड शे."

असा अपमान मी कोणाकडून सहन करत नाही. पुढच्या वेळी ते 'नही' म्हणाले, तेव्हा माल पिकअपमध्ये टाकला आणि म्हणालो, "राहू द्या तुमचं विमान. मी स्वतः सुरतेला विकून येतो!" मीही पहाटेपासून उभा होतो, पण मी काही खाट मागितली नाही. नवापूरच्या अलीकडे रस्त्याने अचानक माझी साथ सोडली आणि पिकअप उसात शिरली. मला खरचटलं सुद्धा नाही. पपईबद्दल विचारू नका.

मला न्यायला नाना आले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "रस्ता वाकडा होता."

"रस्ता जागा व्हता, शेठ," ते म्हणाले. "तुम्हीन?"

मग नानांचं वय झालं. नियमाने त्यांना विमानातून उतरावं लागलं. मी शाल दिली, नारळ दिला, डोळ्यांतून पाणीही आलं. ते म्हसावदला केळीच्या बागेत राहायला गेले. त्यांची टोपी गणवेशाच्या खिळ्यावर राहिली. ती काढायला मला सवड झाली नाही. पण हक्क नानांचा होता, नाना गेले, म्हणजे हक्कही गेला, असा माझा सरळ हिशेब होता.

दुसऱ्याच दिवशी पहिली फेरी झाली, विमान पुन्हा भरलं. कसाबसा मिळवलेला नवा कॅप्टन तयार झाला. मी मीनाला म्हटलं, "चला ताई."

"नाही दादा," ती म्हणाली. "मी थकलीये." आणि शेडमागून खाट ओढत लिंबाखाली घेऊन गेली. नव्या कॅप्टनने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बूट काढले. शेडच्या सावलीत हमाल आधीच आडवे झाले होते. मी पिकअपकडे धावलो, तर ड्रायव्हर तोंडावर टॉवेल टाकून बॉनेटवर पसरलेला. त्याला हलवलं, तर टॉवेलखालून म्हणतो, "हिन्हा भाव व्हस नही, शेठ."

नाना, सौदा तुमच्या एकट्याचा होता. तो हक्क माझ्या सगळ्या माणसांना वाटायला तुम्हाला कोणी सांगितलं? याचं उत्तर फोनवर चालणार नाही. इथे या, लिंबाखाली समोरासमोर बसा आणि उत्तर द्या. पिकअप पाठवतो. ड्रायव्हर उठला की.